विनोद सुचतो, मटेरियल घडवावं लागतं

मराठी माणसाला विनोदाची आवड आहे हे सांगायला प्रस्तावना लागत नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या ‘सुदाम्याच्या पोह्यां’पासून गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. ही नावं आपल्याला तोंडपाठ असतात. न. चिं. केळकरांनी ‘हास्य-विनोद-मीमांसा’ लिहून हसण्यामागचं शास्त्रही मांडलं. विनोद म्हणजे काय आणि माणूस का हसतो, यावर मराठीत भरपूर विचार झालेला आहे. पण उद्या संध्याकाळी चाळीस अनोळखी माणसांसमोर एकट्याने उभं राहायचं आहे, हातात फक्त माइक आहे आणि वेळ पाच मिनिटांचा आहे, तर आज रात्री वहीत नेमकं काय लिहायचं? हा प्रश्न मीमांसेचा नाही, कारागिरीचा आहे. हे पुस्तक त्या प्रश्नासाठी लिहिलं आहे.

स्टँड-अप हा शब्द आपल्याकडे रुळला तो अलीकडे. 2005 साली टीव्हीवर ‘द ग्रेट इंडियन लाफ्टर चॅलेंज’ आलं आणि हिंगणघाटचा सुनील पाल ते जिंकला, तेव्हा एकटा माणूस उभा राहून घरभर हसवतो हे खेडोपाडी पोचलं. 2010 साली लंडनच्या ‘कॉमेडी स्टोअर’ने मुंबईत लोअर परळला आपला क्लब उघडला, तोही फिनिक्स मिलच्या आवारात. ज्या गिरणगावात कामगारांसाठी हनुमान थिएटरमध्ये तमाशाचे फड लागत, त्याच भागात इंग्रजी-हिंदी स्टँड-अपचं बस्तान बसलं. 2016 मध्ये ‘भाडिपा’ हे मराठी यूट्यूब चॅनल सुरू झालं आणि थोड्याच काळात तिकीट काढून मराठी स्टँड-अप बघायला तरुण मंडळी येऊ लागली. आता मुंबई-पुण्यातच नव्हे तर इतर शहरांतही मराठी ओपन माइक भरतात. फॉर्म भरून स्पॉट मिळवायचा, आपल्या नावाची वाट बघत मागच्या रांगेत बसायचं, चार-पाच मिनिटं बोलायचं, मोबाइलचा टॉर्च दिसला की आवरतं घ्यायचं, हा क्रम आता बऱ्याच मुलामुलींच्या आठवड्याचा भाग झाला आहे.

या मंडळींचं बोलणं मी आवडीने ऐकत आलो आहे. त्यांच्यात धीटपणा आहे, निरीक्षण आहे, भाषेची मजा आहे. कमी पडतं ते मटेरियल. ओपन माइकला येणाऱ्या बहुतेकांकडे एक चांगली कल्पना असते, आणि ती सुचली त्याच अवस्थेत ते ती मंचावर आणतात. मित्रांच्या कट्ट्यावर जे बोलून हशा मिळाला, तेच माइकवर बोलतात आणि समोर शांतता पसरली की विषय बदलतात. पुढच्या आठवड्यात नवा विषय. वर्षभर असं केलं की पन्नास विषय हाताळून होतात आणि पाच मिनिटंही पक्की होत नाहीत. या पुस्तकाचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर हे: विनोद सुचतो, मटेरियल मात्र घडवावं लागतं, आणि ते घडतं पुन्हा लिहिण्यातून.

कट्ट्यावरच्या विनोदाला तयार जमीन असते. मित्र तुम्हाला ओळखतात, तुमच्या बाबांना ओळखतात, कालचा प्रसंग त्यांना ठाऊक असतो. मंचावर यातलं काहीच नसतं. तिथे तुम्ही कोण, कुठले, कशाने वैतागलेले, हे पहिल्या अर्ध्या मिनिटात प्रेक्षकांना कळावं लागतं. टीव्हीवरच्या ‘चला हवा येऊ द्या’ किंवा ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ अशा कार्यक्रमांवर वाढलेल्या पिढीची आणखी एक अडचण होते. स्किटमध्ये समोरचं पात्र वाक्य उचलून देतं, वेशभूषा असते, संगीत असतं, पडलेलं वाक्य सहकलाकार सावरून घेतो. स्टँड-अपमध्ये सावरून घ्यायला कुणी नाही. तिथे शब्द आणि ते बोलणारा माणूस, एवढंच भांडवल.

हे भांडवल वाढवण्याची कला आपल्या परंपरेत नव्हती असं मुळीच नाही. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या काय करायचा? ठरलेला सांगाडा धरून त्या गावची, त्या दिवसाची वाक्यं त्यात बसवायचा. 1965 साली रंगमंचावर आलेल्या ‘विच्छा माझी पुरी करा’ची संहिता वसंत सबनीसांची होती, पण दादा कोंडके त्यात ताज्या घडामोडींवरची वाक्यं घालत आणि प्रेक्षक तीच ऐकायला पुन्हा पुन्हा येत. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथन गावोगाव नेलं, तेव्हा त्यांच्या छापील कथा लोकांसमोर सांगताना नव्याने आकार घेत गेल्या. पु. लं.नी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये पन्नासाहून जास्त पात्रं एकट्याने रंगवली, तीही मराठवाड्याच्या बोलीत. या सगळ्यांचं बोलणं सहज वाटतं. ती सहजता प्रयोगामागून प्रयोग करत बसवलेली आहे. कुठे थांबायचं, कुठला शब्द दाबून म्हणायचा, हशा किती वेळ वाहू द्यायचा, हे सगळं ठरत ठरत पक्कं झालेलं असतं.

तरीही स्टँड-अप हे कथाकथन नव्हे. कथाकथनात श्रोता गोष्टीसाठी थांबतो. मधली दोन मिनिटं हशा आला नाही तरी त्याला पुढे काय झालं ते हवं असतं. स्टँड-अपचा प्रेक्षक हशासाठी आलेला असतो. क्लबमध्ये नेमाने काम करणारे लोक मिनिटाला चार ते सहा हशांचा हिशोब धरतात. एकपात्रीत कलाकार पात्रामागे दडू शकतो. इथे मंचावर उभा असलेला माणूस ‘मी’ म्हणून बोलतो, आणि प्रेक्षक त्याच्या ‘मी’वर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवत असतात. म्हणून मटेरियलची पहिली कसोटी अशी: हे वाक्य दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं का? चाललं असतं, तर ते अजून तुमचं झालेलं नाही.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवतो, कारण नुसत्या नियमांनी काही हाती लागत नाही.

समजा, कोल्हापूरचा एक मुलगा आपल्या वडिलांबद्दल लिहितो आहे. वहीतला पहिला खर्डा असा: “आमचे बाबा ना वेळेच्या बाबतीत खूप स्ट्रिक्ट आहेत, म्हणजे कुठे जायचं असलं की ते खूपच लवकर निघतात, आणि मग आम्ही सगळे स्टेशनवर तासन् तास बसून दुसऱ्याच गाड्यांना टाटा करत असतो.”

कल्पना चांगली आहे. ‘दुसऱ्याच गाड्यांना टाटा’ यात विनोदाचं बी आहे. पण बाकीचं सगळं मत आहे. ‘खूप’, ‘खूपच’, ‘तासन् तास’ हे शब्द लेखकाला काय वाटतं ते सांगतात. प्रेक्षकाला दिसत काहीच नाही. कुठलं स्टेशन? कुठली गाडी? किती वाजले? मटेरियल घट्ट करायची पहिली पायरी म्हणजे विशेषणं काढून त्या जागी नावं आणि वेळा घालणं. म्हणून दुसरा खर्डा: “आम्हाला मुंबईला जायचं होतं. गाडी रात्रीची, महालक्ष्मी. आणि आम्ही इतक्या लवकर पोचलो की सकाळची कोयना समोरून सुटत होती, असं आमच्या बाबांचं असतं.”

आता चित्र दिसतं. पण हशा अजूनही अर्धाच येईल, कारण हसवणारा शब्द ‘सकाळची’ आहे आणि तो वाक्याच्या मधेच येऊन गेला. प्रेक्षकाला कळलं तेव्हा बोलणारा अजून बोलतोच आहे, आणि हसायला सुरुवात केली तर पुढचं ऐकू येणार नाही म्हणून प्रेक्षक हसू दाबतो. वर ‘असं आमच्या बाबांचं असतं’ हे शेपूट हशाच्या नेमक्या जागेवर येऊन बसलं आहे. तिसरा खर्डा:

“कोल्हापूरहून मुंबईला जायचं होतं. गाडी रात्रीची, महालक्ष्मी. बाबा फलाटावर पोचले, घड्याळ बघितलं आणि म्हणाले, ‘चला, वेळेत आलो.’ समोरून कोयना सुटत होती. सकाळची.”

शब्द बरेचसे तेच आहेत, जागा बदलल्या आणि बाबांचं एक वाक्य वाढलं. ‘सकाळची’ शेवटी आलं, त्याच्या आधी पूर्णविराम आला आणि त्याच्यानंतर काहीही उरलं नाही. बाबांचं समाधानाचं वाक्य आल्यामुळे बाबा दिसले. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. कोल्हापूर-सांगलीच्या प्रेक्षकाला कोयना सकाळी सुटते हे पाठ असतं. तिथे हशा ‘कोयना’वरच फुटेल आणि ‘सकाळची’ हा शब्द गाळावा लागेल. नागपूरच्या प्रेक्षकाला तो लागेल. एकच विनोद गावागणिक एका शब्दाने बदलतो, आणि तो शब्द कुठला हे माहीत असणं म्हणजे आपलं मटेरियल ओळखणं.

मराठीत लिहिणाऱ्यांनी या शेवटच्या शब्दाकडे फार लक्ष द्यायला हवं. आपलं वाक्य स्वभावाने क्रियापदावर संपतं. ‘आहे’, ‘होतं’, ‘म्हणाले’, ‘करत असतात’ हे शेवटचे शब्द हशाच्या जागेवर पाय देऊन उभे राहतात. बोलण्याच्या ओघात ‘असं ते मला म्हणाले’ हे आपण नेहमी मागून जोडतो. मंचावर ‘म्हणाले’ आधी आणि म्हटलेलं वाक्य नंतर, हा क्रम अंगवळणी पाडावा लागतो. सुदैवाने मराठी शब्दक्रम लवचीक आहे. प्रत्यय आपलं काम करत असल्यामुळे शब्द मागेपुढे केले तरी अर्थ ढळत नाही. या सवलतीचा जितका फायदा घ्यावा तितका थोडा.

तिसरा खर्डा पक्का झाला की बरेच जण पुढच्या विषयाकडे वळतात. खरं उत्पन्न याच्यानंतर असतं. प्रेक्षक एकदा फलाटावर आले, बाबा त्यांना कळले, आता नवं काही समजावून सांगायची गरज नाही. अशा वेळी पंचनंतर, म्हणजे हशा आणणाऱ्या शेवटच्या शब्दांनंतर, जोडलेल्या छोट्या वाक्यांना टॅग म्हणतात. इथे टॅग असे जोडता येतील: “डब्यातल्या दशम्या दुपारीच संपल्या. म्हणून रात्री जेवायला घरी गेलो. गाडी चुकली.” तीन वाक्यं, तीन हशे, आणि प्रत्येक वाक्य आधीच्या वाक्याचा रीतसर परिणाम आहे. लवकर येण्याच्या टोकापासून गाडी चुकण्याच्या टोकापर्यंत गोष्ट तर्काने पोचली. टॅग शोधायचा तर विचारायचं, ‘हे खरं असेल तर पुढे काय होईल?’ आणि मग ‘त्याच्यापुढे काय होईल?’

आणि त्यानंतर विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न म्हणजे ‘का?’. बाबा इतक्या लवकर का निघतात? समजा, उत्तर असं निघालं: बाबांच्या लहानपणी गावातून दिवसाला एकच एसटी सुटायची. ती चुकली की दुसरी एसटी उद्या. म्हणजे बाबांचा लवकर निघण्याचा हट्ट हा विक्षिप्तपणा नव्हे, एका काळाने शिकवलेली सावधगिरी आहे. हे कळलं की बिटची, म्हणजे एका विषयावरच्या विनोदी तुकड्याची, दिशाच बदलते. आता ज्याच्याकडे बघून हसायचं तो बाबा नाही, मुलगा आहे: “माझ्या फोनवर गाडी कुठे पोचली ते मिनिटामिनिटाला दिसतं. त्यामुळे गाडी चुकली की मला अगदी नेमकं कळतं, किती मिनिटांनी.” तक्रारीने सुरू झालेला विनोद दोन पिढ्यांमधल्या अंतरापर्यंत गेला. हाच मुलगा सेटच्या शेवटी आपल्या लग्नाचा विषय काढेल आणि म्हणेल, “मुहूर्त संध्याकाळचा. आम्ही हॉलवर पोचलो, आत लग्न चालू होतं. सकाळचं.” बाबांचं नाव न घेता प्रेक्षकांना बाबा आठवतील. याला कॉलबॅक म्हणतात. आणि त्याचा टॅग: “बाबा म्हणाले, आलोच आहोत तर आहेर देऊन टाकू.”

एका साध्या निरीक्षणातून इतकं निघतं. हे सगळं एका बैठकीत सुचत नाही. लिहिणं, बोलणं, ऐकणं, खोडणं आणि पुन्हा लिहिणं या फेऱ्यांतून ते येतं. पाच मिनिटांत हशाच्या जागा धरून साधारण पाच-सहाशे शब्द बसतात. एवढे शब्द दहादा लिहून काढायला काहीच अवघड नाही. अवघड असतं ते आपल्याला आवडलेलं, पण हशा न घेणारं वाक्य खोडणं.

इथे प्रेक्षकांचा विषय येतो. लेखक एकटा लिहितो; स्टँड-अपचा लेखक प्रेक्षकांसोबत लिहितो. म्हणून प्रत्येक स्पॉटचं ऑडिओ रेकॉर्डिंग करायचं, घरी येऊन ते शब्दशः उतरवून काढायचं आणि जिथे हशा आला तिथे खूण करायची. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याला पर्याय नाही. मंचावर असताना आपल्याला वाटतं की सेट ‘चालला’. कागदावर खुणा केल्या की कळतं की तीन हशे पहिल्या मिनिटात होते, मग दीड मिनिट काहीच नव्हतं. त्या दीड मिनिटात आपण काय सांगत होतो? बहुतेक वेळा पार्श्वभूमी. ती निम्मी कापता येते. उतरवून काढताना ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’, ‘कसं असतं ना’ हे शब्दही मोजून बघा. ते विचार करायला वेळ मिळावा म्हणून येतात आणि नेमके पंचच्या आधी येऊन तो बोथट करतात.

हशांमध्येही फरक असतो. ओपन माइकला निम्मे प्रेक्षक स्वतः कॉमेडियन असतात, आपल्या स्पॉटची वाट बघत बसलेले. ते रचनेला हसतात, धाडसाला हसतात, नेहमीच्या विनोदाला हसत नाहीत. मित्र आले असतील तर ते तुमच्यावरच्या प्रेमाने हसतात. म्हणून एका खोलीचा निकाल अंतिम मानू नये. एखादा बिट तीन वेगवेगळ्या खोल्यांत, वेगवेगळ्या प्रेक्षकांसमोर, त्याच जागी हसू घेत असेल तर तो पक्का. तिन्ही ठिकाणी त्याच जागी पडत असेल तर दोष प्रेक्षकांचा नाही, वाक्याचा आहे. आणि वाक्याचा दोष दुरुस्त करता येतो, ही या कलेतली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट.

जगभरातले मोठे कॉमेडियन याच वाटेने गेले. फिलिस डिलर ही अमेरिकेतली पाच मुलांची आई 1955 साली, वयाच्या 37व्या वर्षी, सॅन फ्रान्सिस्कोच्या एका क्लबमध्ये पहिल्यांदा मंचावर उभी राहिली. पुढच्या काही दशकांत तिने आपले विनोद टाइप केलेल्या कार्डांवर, विषयवार लावून, एका मोठ्या कपाटाच्या खणांत जपले. पन्नास हजारांहून जास्त कार्डांचं ते कपाट आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मंचावर विस्कटलेल्या केसांची, वेंधळी दिसणारी ही बाई पडद्यामागे किती शिस्तीने काम करत होती, ते त्या कार्डांवरून कळतं. जेरी साइनफेल्डने 1998 साली आपलं सगळं जुनं मटेरियल कायमचं बाजूला ठेवलं आणि शून्यापासून सुरुवात केली. 2002 साली आलेल्या ‘कॉमेडियन’ या माहितीपटात तो छोट्या क्लबांत जाऊन मोजकी मिनिटं जमवताना, मधेच अडखळताना दिसतो. टीव्हीवरच्या सगळ्यात यशस्वी मालिकांपैकी एक ज्याच्या नावावर आहे, त्यालाही नवी दहा मिनिटं सहजासहजी मिळत नाहीत. नव्या लिहिणाऱ्याने हा माहितीपट जरूर बघावा.

शिस्त म्हणजे फक्त हशांची संख्या वाढवणं, असा समज मात्र होऊ देऊ नये. 2018 साली हॅना गॅड्सबीच्या ‘नॅनेट’ या स्टँड-अप प्रयोगाने या समजालाच आव्हान दिलं. विनोदात आधी ताण निर्माण होतो आणि पंच तो ताण मोकळा करतो, हे गॅड्सबीने मंचावरच उलगडून दाखवलं, आणि मग आयुष्यातल्या काही गोष्टींचा ताण मोकळा करायला नकार दिला. ज्याला पंच मारता येतो त्यालाच तो न मारण्याचा अर्थ प्रेक्षकांपर्यंत पोचवता येतो. रचना पक्की असेल तर ती मोडताही येते.

कुणावर हसायचं, याबद्दलही या पुस्तकात एक प्रकरण आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. मराठीत बोलींची श्रीमंती अफाट आहे. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, आगरी, कोल्हापुरी, मराठवाडी, प्रत्येकीची स्वतःची लय आणि स्वतःचा तिरकसपणा आहे. 1980 साली रंगमंचावर आलेल्या ‘वस्त्रहरण’ने मालवणीचं हे सामर्थ्य दाखवून दिलं, कारण तिथे मालवणी माणूस स्वतः बोलत होता. याउलट, शहरी तरुण गावाकडच्या माणसाची बोली नुसती उच्चार वेडावायला वापरतो तेव्हा हशा मिळतो, पण तो उच्चाराला मिळतो. वाक्यात काही नसतं. तीच गोष्ट बायकोच्या, सुनेच्या, जाडेपणाच्या, जातीच्या विनोदांची. ते दुखावतात हा एक मुद्दा झाला. दुसरा मुद्दा कारागिरीचा: ते आयते असतात. प्रेक्षकाला शेवट आधीच ठाऊक असतो, त्यामुळे लेखकाने काहीच शोधलेलं नसतं. वरच्या उदाहरणात ‘बाबा विक्षिप्त आहेत’ इथे थांबलो असतो तर एकाच एसटीपर्यंत पोचलोच नसतो. समोरच्या माणसाकडे नीट बघितलं की विनोद जास्त खरा होतो आणि जास्त चालतोही. माझ्या मते विनोदातली माणुसकी आणि विनोदाची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

आजच्या काळाचा एक धोकाही स्पष्ट सांगायला हवा. लिहिलेला बिट एकदा रीलवर टाकला की तो जळला. तो ऐकलेला प्रेक्षक पुन्हा तिकीट काढून त्याच वाक्याला हसणार नाही. म्हणून कॉमेडियन मंडळी क्राउडवर्कचे, म्हणजे समोरच्या प्रेक्षकांशी मारलेल्या गप्पांचे तुकडे टाकतात. ते लोकप्रिय होतात, फॉलोअर वाढतात. यात गैर काही नाही, आणि हजरजबाबीपणा ही मोठीच देणगी आहे. पण नव्याने येणारी मुलं तेच मुख्य काम समजू लागली आहेत. ‘नाव काय? कुठून आलात? काय करता?’ यावर पाच मिनिटं काढायची आणि लिहायचं काहीच नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाने मजेदार उत्तर दिलं तर रात्र साजरी, नाही दिलं तर रिकामी. स्वतःचं मटेरियल ज्याच्याकडे आहे त्याचं क्राउडवर्कही चांगलं होतं, कारण तो प्रेक्षकांकडून काही मागायला उभा नसतो. पुस्तकात क्राउडवर्कवर एक प्रकरण आहे, आणि ते मुद्दाम शेवटी ठेवलं आहे.

पुस्तकाची मांडणी कामाच्या क्रमाने केली आहे. पहिला भाग विषय शोधण्याचा: रोज वहीत काय नोंदवायचं, राग, भीती, लाज आणि कोडं यांतून प्रिमाइस, म्हणजे बिटची मूळ कल्पना, कशी काढायची. दुसरा भाग वाक्याचा: सेटअप, म्हणजे पंचच्या आधीची मांडणी, किती लांब असावा, पंच कुठे बसवावा, टॅग कसे शोधावेत. तिसरा भाग सेट जुळवण्याचा: कशाने सुरुवात करायची, कशाने संपवायचं, मधे काय ठेवायचं, कॉलबॅक कुठे पेरायचा. चौथा भाग मंचावर तपासण्याचा आणि घरी येऊन दुरुस्त करण्याचा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी सराव दिला आहे. हे पुस्तक एका बैठकीत वाचून बाजूला ठेवण्यासारखं नाही. एक प्रकरण वाचा, त्याचा सराव वहीत करा, एका ओपन माइकला तो तपासा आणि मगच पुढच्या प्रकरणाकडे वळा.

मराठीत इतकं बोलायचं राहिलं आहे की त्याला मोजदाद नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत तरुणपण घालवणारी मुलं, पुनर्विकासात अडकलेल्या सोसायट्या, परदेशी गेलेल्या मुलांचे व्हिडिओ कॉल, साखर कारखान्याच्या निवडणुका, हॉस्टेलच्या मेसमधली भाजी, पहिल्यांदा एकटीने घर भाड्याने घेणारी मुलगी: यातल्या कितीतरी जगांमधून अजून फारसं कुणी माइकसमोर आलेलं नाही. ती जगं तुमच्यापैकी कुणाची तरी आहेत, आणि ती तुमच्याशिवाय दुसरं कुणी नीट सांगू शकणार नाही. हिंदी-इंग्रजी स्टँड-अपची नक्कल मराठीत उतरवून ते काम होणार नाही. त्यासाठी आपल्या घरातल्या, आपल्या गावातल्या माणसांकडे बघून, आपल्या भाषेच्या लयीत, पुन्हा पुन्हा लिहावं लागेल.

तेव्हा वाचकाला एकच विनंती आहे. तुमच्याकडे जो एक बिट आज अर्धा चालतो, तो टाकून देऊ नका. तो लिहून काढा, त्यातली विशेषणं खोडा, हसवणारा शब्द शेवटी आणा, ‘का’ विचारा आणि या आठवड्यात पुन्हा मंचावर न्या. पाच मिनिटं पक्की होईपर्यंत सहाव्या मिनिटाचा विचार करू नका.